नहराच्या फॉलवरून: जलसंपदा आणि ऊर्जा विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, जलसंपदा विभाग,
मा. मंत्री, ऊर्जा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: विदर्भातल्या धरणांवर आणि नहरांवर आजही पडत असलेल्या पाण्यातून वीज काढण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातला धान पिकवणारा शेतकरी. निवृत्त होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या गावाच्या शिवेवरून नहर जातो. आमच्याकडे कालव्याला नहरच म्हणतात, म्हणून या पत्रातही तोच शब्द ठेवतो. गावापासून अर्ध्या कोसावर या नहराला एक फॉल आहे. तिथं जमीन एकदम उतरते, नहराचं पाणी दोन मीटर खाली सिमेंटच्या पायथ्यावर आदळतं आणि पुढं पुन्हा संथ चालू लागतं. सिंचनाच्या पाण्याची पाळी सुटली की त्याचा आवाज रात्री अंथरुणात ऐकू येतो. नहर बंद झाला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला.

नोकरीत असताना एका उन्हाळी पाळीला मी सातवीची पोरं घेऊन तिथं गेलो होतो. सायकलचं जुनं चाक, त्याच्या आऱ्यांना तारेनं बांधलेली तेलाच्या पिप्याच्या पत्र्याची पाती आणि रिमला टेकवलेला डायनॅमो, एवढंच सामान. दोन बांबूंवर ते चाक धरून पडत्या पाण्याच्या कडेला नेलं. आधी बल्बची तार नुसती लाल झाली. चाक अजून वीतभर आत सरकवलं तसा बल्ब पिवळा झाला, मग पांढरा. पोरं ओरडतील असं वाटलं होतं, पण ती एकदम गप्प झाली. मग एका पोरीनं विचारलं, “गुरुजी, हे पाणी रातच्याला पण पडते ना?” मी हो म्हणालो. “मंग रातच्याला लाईन काहून जाते?”

त्या दिवशी मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ते पुरेसं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आज हे पत्र आपल्याला लिहितो आहे ते तोच प्रश्न पुढं पाठवण्यासाठी.

आधी हिशेब. त्या फॉलवरून पाळीच्या दिवसांत सेकंदाला पाच घनमीटर पाणी पडतं असं धरा. म्हणजे दर सेकंदाला पाच टन पाणी दोन मीटर खाली येतं. त्यातली शक्ती ९८ किलोवॅट. टर्बाइन आणि जनित्रात वीस टक्के वाया गेली, तरी ७८ किलोवॅट हाती राहतात. दोन हंगामांत मिळून १२० दिवस नहर चालला तर सव्वादोन लाख युनिट होतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या एकशे ऐंशीहून जास्त घरांची ही वर्षभराची वीज आहे. हीच वीज कोळशावर काढायची तर दीडशे टनांहून जास्त कोळसा लागतो आणि साधारण सव्वादोनशे टन कार्बन डायऑक्साइड आभाळात जातो. एका फॉलचा हा हिशेब, आणि नहरावर असे फॉल एकामागून एक असतात, कारण उतार जास्त झाला की पाणी नहराचा तळ खरवडतं. ते होऊ नये म्हणून अभियंते मुद्दाम पायऱ्या बांधतात. पाण्याचा जोर मोडायचा हेच त्या पायरीचं काम. आम्ही तो जोर सिमेंटवर आपटून मोडतो. तो टर्बाइनवरही मोडता येतो.

आता दुसरी बाजू, कारण आपल्याला अर्धवट हिशेब पाठवायचा नाही. कोयनेत पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली उतरतं, त्यामुळे एक युनिट वीज हजार लिटरच्या आत पाण्यात होते. आमच्या दोन मीटरच्या फॉलवर त्याच एका युनिटला दोन लाख तीस हजार लिटर पाणी लागतं. विदर्भ सपाट आहे. आमच्याकडे पाणी आहे, उंची नाही. म्हणून कोयनेचे १,९६० मेगावॅट आम्ही इथं मागत नाही, मागून होणारही नाहीत. गोसीखुर्दचं धरण पाहा. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याचं भूमिपूजन झालं, तेव्हाचा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. पुढं ते राष्ट्रीय प्रकल्प झालं. ३३ दरवाजांच्या त्या धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे ते २४ मेगावॅटचं. कोराडीचा एकच नवा संच ६६० मेगावॅटचा. म्हणजे गोसीखुर्दसारखी सत्तावीस-अठ्ठावीस वीजघरं मिळून तो एक संच होतो. शिवाय पावसाळ्यात वैनगंगेला पूर येऊन दरवाजे उघडले की धरणाच्या खालचं पाणीही चढतं, वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक कमी होतो आणि नेमकं जेव्हा नदी दुथडी भरून वाहते तेव्हाच टर्बाइनला उंची उरत नाही. पुराचं पाणी पाहून “एवढी वीज वाहून चालली” असं लोक म्हणतात, ते मनानं खरं आहे, गणितानं नाही.

मग जलविद्युत इथं कशासाठी? त्याचं उत्तर संध्याकाळी आहे.

राज्याला लागणाऱ्या विजेचा केवढा तरी भार विदर्भाच्या छातीवर आहे. कोळशाची केंद्रं मोजा: तिरोड्याला ३,३०० मेगावॅट, चंद्रपूरला २,९२०, मौद्याला २,३२०. कोराडी, खापरखेडा, पारस वेगळेच. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित आहेत. माझी मुलगी वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात दिली आहे. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की कुरड्या वाळत घालताना ती वर धुतलेलं लुगडं पसरते, खाली परात ठेवते, आणि तरी संध्याकाळी कुरडई उचलली की बोटाला काळं लागतं. नातवाचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत जात नाही. कार्बन उत्सर्जन हा शब्द परिषदांमध्ये आभाळाकडे बोट दाखवून उच्चारला जातो. आमच्या मुलीच्या घरी तो परातीत पडतो.

दिवसाच्या विजेसाठी कोळशाला आता सौरऊर्जा हा खरा पर्याय उभा राहतो आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिनीची योजना आली, शेतात सौरपंप दिसू लागले. हे काम चांगलं आहे आणि मी ते मोकळेपणानं सांगतो. ज्यानं जानेवारीच्या थंडीत रात्री अकराला थ्री फेज आल्यावर एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बांधीत पाय टाकला आहे, समोरच्या तुरीत काहीतरी हललं म्हणून धुऱ्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला आहे, त्याला दिवसाच्या विजेची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. पण सूर्य मावळतो, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरात दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात. ती संध्याकाळची तीन-चार तासांची उचल आज मुख्यतः कोळसाच पेलतो. आणि कोळशाचा संच बटण दाबून चालू होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवायला तासन्‌तास लागतात, म्हणून संध्याकाळसाठी तो दुपारीही, गरज नसताना, मंद आचेवर जळत ठेवावा लागतो.

पाण्याची टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण ताकदीला येते आणि तितक्याच लवकर थांबते. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे बंद केले गेले. विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि लगेच पुन्हा वर चढली. ग्रीड, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांचं जाळं, कोसळलं नाही, कारण देशातल्या जलविद्युत केंद्रांनी त्या उतारातला अर्ध्याहून जास्त भार स्वतःवर घेतला, आधी उत्पादन खाली आणलं आणि मग वर नेलं. पाण्याचं खरं मोल हे आहे. त्याचं एक युनिट संध्याकाळी आलं तर ते दुपारच्या अनेक सौर युनिटांना जागा करून देतं, आणि कोळशाचा संच दुपारभर उगाच धुमसत ठेवायची गरज कमी होते. केंद्र सरकारनं मार्च २०१९ मध्ये मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत धरलं, त्यामागं हाही विचार होता.

विदर्भाच्या वाट्याला अशी एकच मोठी जागा आली, तोतलाडोह. पेंच नदीवर, मध्य प्रदेशच्या सीमेवर, ८० मेगावॅटचे दोन संच. १६० मेगावॅटमधला दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशचा, एक तृतीयांश आपला. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात येतं. तिथून ते नागपूर शहराच्या नळाला जातं, पारशिवनी-रामटेक-मौद्याच्या धानाला जातं, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांनाही जातं. एकच पाणी डोंगरातून उतरताना धूर न करता वीज देतं, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर खाली येऊन कोळशाच्या केंद्रात वाफ होऊन उडून जातं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या निकषांप्रमाणे जुन्या औष्णिक केंद्रानं एका युनिटमागं साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरावं. एक युनिट म्हणजे साडेतीन लिटर, हे ऐकायला थोडं वाटतं. दिवसाला कोटी-कोटी युनिटांनी गुणलं की ते कुणाच्या तरी रोवणीचं पाणी असतं. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेला आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं, तेव्हा सगळ्यांनी पावसाला बोल लावला. कोळशाच्या विजेला किती पाणी लागतं, हे त्या दिवसांतही फारसं कुणी बोललं नाही. कोळसा कमी जाळला तर हवा सुधारतेच, पण पेंचचं पाणीही वाचतं. आपल्या दोन विभागांनी हा हिशेब एका टेबलावर बसून मांडावा, ही माझी पहिली विनंती आहे. आज पाण्याची फाईल एकीकडे आहे आणि विजेची दुसरीकडे.

आता एक गोष्ट, जी जलविद्युतवाले सहसा सांगत नाहीत. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ मंडळाच्या, २०१४ च्या अहवालात वीजनिर्मितीच्या पद्धतींचं पूर्ण आयुष्याचं उत्सर्जन दिलं आहे. कोळशाचं मधलं मूल्य एका युनिटला ८२० ग्रॅम, जलविद्युतचं २४ ग्रॅम. हे दोन आकडे सगळे सांगतात. पण त्याच तक्त्यात जलविद्युतचा वरचा टोकाचा आकडा २,२०० ग्रॅम आहे, कोळशापेक्षाही जास्त. कारण बुडालेलं झाड, गवत, शेण, मैला पाण्याखाली प्राणवायूशिवाय कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पटींच्या आसपास. उथळ, उष्ण, घाण पाण्याच्या जलाशयात हे जास्त होतं. आमचा गोसीखुर्द पसरट आहे, इथला मे महिना आपल्याला ठाऊक आहे, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि वैनगंगेतून याच जलाशयात येतं. उन्हाळ्यात काठावरच्या गाळातून बुडबुडे येताना मासेमारी करणारे ढिवर लोक रोज पाहतात. डोंगा थांबवून वल्हं गाळात खुपसलं की पाणी उकळल्यासारखं होतं आणि सडका वास येतो. म्हणून नाग नदी स्वच्छ करणं हे नुसतं आरोग्याचं किंवा सौंदर्याचं काम समजू नये. गोसीखुर्दची वीज खरोखर स्वच्छ ठरायची असेल तर तो प्रकल्प वीजनिर्मितीचाच भाग धरावा. आणि जलाशयातला मिथेन प्रत्यक्ष मोजावा, वर्षातून चार वेळा, आणि तो आकडा मराठीत जाहीर करावा. आम्ही २४ ग्रॅमवर विश्वास ठेवायला तयार आहोत, पण तो आमच्या पाण्याचा असला पाहिजे.

याच कारणासाठी माझी कळकळीची विनंती आहे की कार्बनच्या नावानं विदर्भात नवं जंगल आणि नवी गावं बुडवू नका. महाराष्ट्राला हे नवीन नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, ते धरण विजेसाठीच होतं. आमच्या गडचिरोलीत १९८० च्या दशकात गोदावरीवरच्या इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरच्या भोपालपटनम प्रकल्पांविरुद्ध बाबा आमट्यांसह माडिया-गोंड बांधव उभे राहिले. ते जंगल उभं राहिलं आणि गेली चाळीस वर्षं कार्बन शोषत राहिलं. मेळघाटात डोंगर आहेत, उंची आहे, पण १९७३-७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथं कोरकूंची गावं आहेत. पंप्ड स्टोरेजचे, म्हणजे दुपारी सौर विजेवर पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडायचे प्रकल्प राज्यात आता वेगानं पुढं येत आहेत. कल्पना उत्तम आहे, घाटघरचं २५० मेगावॅटचं केंद्र २००८ पासून ते करून दाखवतं आहे. विदर्भात त्यासाठी आधी बंद पडलेल्या कोळशाच्या उघड्या खाणींचे खोल खड्डे तपासा. अनुसूचित क्षेत्रात काहीही करण्याआधी पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि तो सही गोळा करून नव्हे, सभेत वाचून, चर्चा करून घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला तो हेच शिकवतो की गावाला विचारलं तर गाव विचार करतं.

आम्हाला हवा आहे तो आधीच बुडालेल्या जमिनीचा मोबदला, विजेच्या रूपात. विदर्भात धरणं कमी नाहीत. ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा, इसापूर, इटियाडोह, गोसीखुर्द, पेंच. प्रत्येकाच्या पायथ्याच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, आणि नहरांच्या फॉलवरून पाणी पडतं. त्यातल्या किती ठिकाणी किती उंची, किती विसर्ग, किती दिवस, याची एक यादी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळानं करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आकडे विभागाकडे आहेतच, पाळीच्या नोंदी शाखा कार्यालयात वर्षानुवर्षं लिहिल्या जातात. जिथं उंची कमी तिथं कॅप्लान किंवा बल्ब टर्बाइन, अगदी कमी असेल तिथं स्क्रू टर्बाइन बसतं. पाण्याचा एक थेंबही कमी होत नाही. टर्बाइनमधून गेलेलं पाणी खालच्या मोग्याला, म्हणजे शेताकडं पाणी सोडणाऱ्या तोंडाला, पूर्वीसारखंच पोचतं. हे शेतकऱ्यांना आधी सांगावं लागेल, कारण “वीज काढून घेतलेलं पाणी धानाला लागत नाही” ही समजूत मी स्वतः पारावर ऐकली आहे. आणि सिंचनाची पाळी विजेसाठी मागंपुढं होणार नाही, हे लेखी द्यावं लागेल. ऑक्टोबरात धान निसवत असताना आठ दिवस पाणी चुकलं तर त्या वर्षीची कणगी रिकामी राहते.

देखभालीचं काम गावाला द्या. अशी छोटी वीजघरं बंद पडतात ती मोठ्या बिघाडानं नाही, जाळीला अडकलेल्या बेशरमाच्या काड्यांनी, पॉलिथिननं आणि गाळानं. रोज सकाळी दंताळं घेऊन जाळी साफ करणारा माणूस लागतो. तो मुंबईहून येणार नाही. गावात आयटीआय झालेली पोरं रिकामी बसली आहेत. आणि मिळकतीतला हिस्सा ठरवा. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात एक टक्का मोफत वीज स्थानिक विकासासाठी आणि प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला शंभर युनिट द्यायचं म्हटलं आहे. ते मोठ्या प्रकल्पांसाठी होतं. तेच तत्त्व छोट्या वीजघरांना लावायला कुणाची हरकत असू नये.

शेवटची गोष्ट वैनगंगा–नळगंगा नदीजोडची. ४२६ किलोमीटरचा हा जोडकालवा, ज्याला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली, गोसीखुर्दपासून बुलडाण्यापर्यंत जाणार आहे. पाणी वाटेत उपसावं लागणार आहे आणि उपसायला वीज लागणार आहे. ती वीज कोळशाची असेल तर दुष्काळ हटवण्यासाठी आपण दुष्काळाचंच कारण जाळू. उपसा दुपारी सौर विजेवर करा, कालव्यावर पॅनेल टाका, आणि जिथं पाणी खाली उतरतं तिथं टर्बाइनची जागा आत्ताच नकाशात धरा. काँक्रीट ओतल्यावर जागा काढणं किती अवघड जातं ते आपले अभियंतेच आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकतील.

उन्हाळी धानाची पाळी फेब्रुवारीत सुटेल. आपल्यापैकी कुणीही, मंत्री महोदय, सचिव किंवा एखादा तरुण उपअभियंता, आमच्या फॉलवर यावं. संध्याकाळी सातला या, त्या वेळी लाईन बहुधा गेलेली असते आणि पाण्याचा आवाज स्पष्ट येतो. ते सायकलचं चाक मी जपून ठेवलं आहे. विसर्ग आणि उंची मोजायला दोरी, घड्याळ आणि मीटरपट्टी घेऊन मी तिथं थांबेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक आणि धान उत्पादक शेतकरी
जि. भंडारा